चौथा तुकडा

भावाच्या साखरपुड्यासाठी मुक्ता उज्जैनला आली होती, पण साखरपुड्याच्या आदल्या सकाळीही माधव नगरच्या घरात ती लॅपटॉपसमोर बसली होती. दक्षिणेतल्या एका अणुसंशोधन केंद्रात ती धातूंवर काम करायची. पडद्यावर तिचे वरिष्ठ जयंत सर होते. अणुभट्टीत वेगवेगळ्या जागी ठेवून बाहेर काढलेल्या धातूच्या चार तुकड्यांचा अहवाल द्यायचा होता.

"तीन तुकडे कडक झालेत, जसे व्हायला हवेत तसे," ते म्हणाले. "चौथा मऊ आहे. मोजण्यात चूक झाली असणार. अहवालातून काढून टाक."

"नाही सर. मी तो पुन्हा मोजलाय. चूक नाही."

"मग काय आहे?"

"तो तुकडा अणुभट्टीत जास्त तापला होता. सूक्ष्मदर्शकात बाकीच्या तुकड्यांत बारीक दोष दाट पसरलेत, यात मोजकेच आहेत आणि मोठे आहेत. आपला तापमापक तिथे चुकीचं दाखवत असणार."

"तो तापमापक नवाच आहे, मुक्ता."

"मग एक करू या. कडक तुकड्यांपैकी एक प्रयोगशाळेतल्या भट्टीत तापवू. तो चौथ्यासारखा मऊ झाला, आतलं चित्रही तसंच दिसलं, तर माझं खरं. नाही झाला, तर अहवालातून चौथा मी स्वतः काढीन."

"ठीक," सर म्हणाले. "प्रयोगशाळेतल्या कल्पनाला सांगतो."

लॅपटॉप मिटल्यावर बाबांनी पोह्यांची प्लेट पुढे सरकवली. बाबा, म्हणजे प्रकाशराव, बँकेतून निवृत्त झाले होते. "मऊ झाला तर चांगलंच की! झगडा कशाला?"

"बाबा, न्यूट्रॉन आदळले की धातूतले अणू जागा सोडतात. त्या गडबडीने धातू कडक होतो, पण ठिसूळही होतो. तापला की अणू थोडे परत जागेवर येतात. चौथा मऊ आहे, म्हणजे तिथे आपल्याला माहीत नसलेली गर्मी आहे. तीच जर लपवली, तर उद्या अणुभट्टीत त्या जागी बसणाऱ्या भागाचं काय?"

"अन् तू चुकली असशील तर?"

"तर लोकांसमोर चुकेन," मुक्ता हसली. "पण नाही चुकणार."

दुसऱ्या दिवशी साखरपुडा झाला. संध्याकाळी आत्याला आणि पाहुण्यांना घेऊन सगळे क्षिप्रेच्या राम घाटावर आरतीला गेले होते, तेव्हा कल्पनाचा फोन आला. घंटांच्या आवाजात मुक्ताने एक कान दाबून धरला.

"मऊ झाला गं! चौथ्याच्या अगदी जवळ आलाय. चित्रही तसंच. आणि तापमापक उघडून पाहिला, तर आतली तार सैल होती. सर म्हणाले, त्या जागेचे सगळे जुने आकडे आता पुन्हा तपासायचे."

"आधी त्या जागेतले प्रयोग थांबवा म्हणावं," मुक्ता म्हणाली. "आणि चारही तुकडे अहवालात ठेवा. मी सोमवारी येतेय."

फोन ठेवून ती वळली. बाबा बघतच होते. "क्या हुआ?"

"पक्कं झालं," ती म्हणाली, आणि आत्याला हात देऊन पायऱ्या उतरू लागली.