पुठ्ठ्याची दोन घरं

वैजयंतीबाईंनी भाजीच्या सुरीचं टोक पुठ्ठ्यात खुपसलं आणि नातीने पेन्सिलीने आखलेल्या रेघेवरून ते जपून फिरवलं. चौकोन आत पडला, खिडकी झाली. खोक्यात आधीच जाऊन बसलेल्या मैत्रिणीने, बतूलने, तिच्यातून हात बाहेर काढून हलवला.

"आता दुसऱ्या घराला," रेवा म्हणाली.

"एक पुरे की गं. दोघी मावतायत त्यात."

"नाही आजी. दोन लागतात."

वैजयंतीबाईंनी दुसरं खोकं पुढे ओढलं. ते कोरं होतं. वाण्याकडच्या खोक्यावर असतो तसा तेलाचा डाग नाही, बिस्किटाचं नाव नाही, ओरबाडलेली चिकटपट्टी नाही. सामान हलवायला वापरतात तसलं जाड, तपकिरी, नवंकोरं खोकं.

"ही आणलीस कुठनं?"

"मम्माच्या कपाटामागे खूप आहेत. मम्मा म्हणाली दोन घे, बाकीची लागतील."

"कशाला लागतील?"

रेवाने खांदे उडवले. तिचं लक्ष टूथपेस्टच्या डबीवर होतं. डबी पांढऱ्या कागदात गुंडाळून तिचा फ्रिज झाला होता. तो तिने पहिल्या घरात ठेवला. काडेपेटीचा टीव्ही बतूलने दुसऱ्या घरात नेला. सोफा कुठे यावरून थोडी भांडाभांडी झाली आणि सोफा पहिल्या घराला मिळाला. वाटणी चालावी तसा खेळ चालला होता. वैजयंतीबाई गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिल्या.

"आणि आजी कुठल्या घरात राहते?" त्यांनी हसत विचारलं.

रेवाने बेडरूमच्या बंद दाराकडे पाहिलं. मग आवाज बारीक करून म्हणाली, "आजीचं अजून ठरलं नाही."

"कोण म्हणालं असं?"

"सिक्रेट आहे," म्हणत ती खोक्यात शिरली आणि आतून पुठ्ठ्याचं दार ओढून घेतलं.

नवरा गेल्यावर खेडचं घर बंद करून वैजयंतीबाई बेलापूरच्या या फ्लॅटवर आल्या, तेव्हा रेवा रांगत होती. तिचं खाणंपिणं, तिचे ताप, तिचं झोपणं, सगळं त्यांनी अंगावर घेतलं होतं. आता जूनपासून ती पहिलीत, दिवसभराच्या शाळेत जाणार. गरज सरो, वैद्य मरो. ही म्हण मनात आली आणि तिथेच ठाण मांडून बसली.

सून वाईट वागत नव्हती. पण गीतांजली बोलायची कमी. न्हावा शेव्याच्या एका शिपिंग ऑफिसात दिवसभर फोनवर बोलून ती घरी यायची आणि घरात तिच्याजवळ शब्द उरायचे नाहीत. कमी बोलणाऱ्याच्या पोटातलं कळत नाही, हे वैजयंतीबाईंचं जुनं मत. दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामावर गेल्यावर त्या तिच्या खोलीत गेल्या. केर काढायला म्हणून झाडू हातात घेतला होता. कपाटामागे खरंच घडी केलेल्या पुठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा उभा होता, आणि शेजारी चिकटपट्टीची रिळं. त्यांनी गठ्ठ्याला हात लावला आणि चोरी केल्यासारखा लगेच मागे घेतला.

दुपारी बतूलला न्यायला तिची आई अमरीन आली. ती खालच्या मजल्यावरची, माहेर म्हसळ्याचं. चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"काकू, तुमी लोक शिफ्ट होताय काय? बतूल काय काय सांगत असते."

"छे गं. मुलींचा खेळ तो."

"मग बरंय. पोरं काय पण बोलतात," अमरीन म्हणाली, पण क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात कणव होती असं वैजयंतीबाईंना वाटलं. शेजारणीला कळलंय आणि आपल्यालाच नाही?

त्यानंतर त्या कान देऊन वावरू लागल्या. दोन दिवसांनी, संध्याकाळी गीतांजली बाल्कनीत फोनवर बोलत होती. वैजयंतीबाई वाळलेले कपडे काढायला गेल्या तेव्हा दार किलकिलं होतं.

"ते सगळं राहू दे. आईंचं काय करायचं ते आधी ठरव," सून दबक्या आवाजात म्हणत होती. मग तिला सासूची चाहूल लागली आणि तिने दार लावून घेतलं.

आईंचं काय करायचं. कपडे तसेच दोरीवर ठेवून त्या आत आल्या.

दुसऱ्या दिवशी शौनक ऑफिसला निघताना बूट घालत होता. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"शौनक, तुम्हांला मला काही सांगायचंय का?"

तो लेस बांधत होता, ती त्याने सोडून पुन्हा बांधली. "काय सांगायचंय? उगाच टेन्शन घेतेस तू, आई. आणि गीतांजलीचं काही मनावर घेऊ नकोस."

एवढं बोलून तो लिफ्टकडे गेला. वैजयंतीबाईंना जरा बरं वाटलं. पोटचा पोरगा आहे. दोघींच्या मध्ये सापडलाय बिचारा. म्हणजे जे काही आहे ते तिच्याकडूनच आहे.

त्यांनी चिपळूणला भावाला फोन लावला. दिलीपच्या बोलण्यात नेहमीची माया होती. "ये की! विचारतेस काय? चार दिवस राहून जा," तो म्हणाला. त्यातले 'चार दिवस' वैजयंतीबाईंच्या कानात राहिले. तरी त्यांनी कॉटखालची बॅग ओढली, साड्यांच्या घड्या आत रचल्या, नवऱ्याचा फोटो दोन साड्यांच्या मध्ये ठेवला. कोणी जा म्हणायच्या आधी आपण निघालेलं बरं.

शनिवारी गीतांजली दुपारीच घरी आली. रेवा खाली बतूलकडे गेली होती. वालाच्या शेंगांची टोपली घेऊन स्वयंपाकघराकडे जाताना सुनेला दारातून कॉटवरची उघडी बॅग दिसली.

"आई, कुठे निघालात?"

"काढायचंच असेल तर तोंडावर सांगावं माणसाने," वैजयंतीबाईंचा आवाज त्यांना हवा होता तसा खंबीर निघाला नाही. "लेकराच्या तोंडून कशाला? खोकी आणलीस, घरं वाटलीस, फोनवर माझी सोय लावतेस. मी काय अडगळ आहे?"

गीतांजली टोपली धरून तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं त्यांना वाटलं होतं. तिथे आलं ते निराळंच.

"शौनकने तुम्हांला सांगितलं नाही?"

"काय सांगायचंय?"

"मागच्या रविवारी देवळात जाताना गाडीत सगळं सांगितलं, आई समजून घेईल, असं म्हणाला तो मला." तिने टोपली जमिनीवर ठेवली. मग स्वतः कॉटच्या कडेला टेकली, आणि सासूकडे न बघता बोलली. "तो जातोय, आई. पनवेलला जागा घेतलीय त्याने. खोकी त्याच्या सामानासाठी आहेत. रेवाला सांगावंच लागलं, शनिवार-रविवार ती तिकडे असणार."

बाहेर कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती, तिचं गाणं बराच वेळ वाजत राहिलं.

"आणि मी?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"तो म्हणाला, आईला नातीशिवाय करमणार नाही, तिला तूच ठेव. मी म्हटलं, ठेव म्हणजे? त्या काय कपाट आहेत? त्यांना विचार. त्या सांगतील तसं होईल." ती थांबली. "रोज म्हणायचा, आज विचारतो."

वैजयंतीबाई खाली बसल्या. वर्षभर शौनक हॉलमध्ये सोफ्यावर झोपत होता. मॅच बघता बघता डोळा लागतो म्हणायचा. सणाला नवराबायको एका ताटात हात घालत नव्हते, एकमेकांकडे बघत नव्हते. हे सगळं त्यांना दिसलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी त्याचा दोष सुनेच्या गप्प राहण्यावर टाकला होता.

"तू तरी बोलायचंस," त्या म्हणाल्या.

"तुमचा मुलगा आहे. माझ्याकडून ऐकून तुम्ही विश्वास ठेवला असतात?"

 वैजयंतीबाईंनी पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला.

 मग दारावरची बेल वाजली. शौनकच्या खिशात नेहमी किल्ली असायची, पण तो ती वापरायचा नाही. आईने दार उघडावं, हातातलं ओझं घ्यावं, पाणी पुढे करावं, ही शाळेपासूनची सवय. वैजयंतीबाई सवयीने उठल्या. दोन पावलं गेल्या. मागे गीतांजली कॉटच्या कडेलाच बसून होती.

वैजयंतीबाई वळल्या, जमिनीवरची टोपली उचलून कॉटवर दोघींच्या मध्ये ठेवली आणि शेजारी बसल्या.

"सोलून घेऊ या," त्या म्हणाल्या. "रेवाला वालाची उसळ आवडते."

बेल पुन्हा वाजली, या वेळी जरा लांब. गीतांजलीने एक शेंग उचलली. वैजयंतीबाईंनी दुसरी उचलून तिचा दोर काढला. थोडा वेळ बाहेर काहीच आवाज नव्हता. मग कुलपात किल्ली फिरली.