फोटोपुरती अंथरलेली

मी जानमाज बोलतेय. नमाज पढायला अंथरतात ती चटई. रागाने बोलतेय, हे आधीच सांगून टाकते. गोड बोलणं ऐकायचं असेल तर या शाळेत त्याला तोटा नाही.

माझा जन्म गिरणीतला. किरमिजी रंग, मखमली लव, मधोमध विणलेली कमान. या कमानीचं टोक मक्केच्या दिशेला, म्हणजे किबल्याकडे करायचं, की झालं. याहून मोठं शास्त्र मला ठाऊक नाही. गिरणीतल्या ज्या बाईने माझी झालर गाठवली, तिने शेवटची गाठ मारून माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा बाई, कुणाच्या तरी कामी ये." मी ते मनावर घेतलं. तिथेच माझं चुकलं.

आम्ही चाळीस बहिणी एका गठ्ठ्यात बांधून या आंतरराष्ट्रीय शाळेत आलो. फाटकावरच्या पाटीवर लिहिलंय, 'ब्रिटिश अभ्यासक्रम, इस्लामी मूल्ये'. माझा तर ऊर भरून आला. दुपारच्या सुट्टीत पोरं धावत येतील, दाराशी बुटांचा ढीग पडेल, कुणी कुणाला कोपर मारेल, मग सगळी गुमान एका ओळीत उभी राहतील, असं काय काय मनात आणलं.

पोरांच्या आधी फोटोग्राफर आला. शाळेची माहितीपुस्तिका छापायची होती. नमाजच्या खोलीत आम्हांला अगदी बरोबर अंथरलं होतं, कमानी किबल्याकडे करून. या गड्याने दारातूनच पाहिलं आणि फर्मावलं, "उजेड नीट येत नाही. सगळ्या खिडकीकडे फिरवा." फिरवल्या की हो! मैदानावरून चार मुलं बोलावली, त्यांना बसवलं, डोळे मिटायला लावले. फोटो निघाला आणि आम्हांला गुंडाळून खोलीतल्याच कपाटात कोंबलं, फुटबॉलच्या जाळीशेजारी.

तेव्हापासून माझं आयुष्य म्हणजे वर्षातले चार दिवस. पालकांना शाळा दाखवायची असली की शिपाईमामा कपाट उघडतात, एका हातात माहितीपुस्तिका धरतात आणि फोटोत बघून बघून आम्हांला तसंच मांडतात. खिडकीकडे तोंड करून. खिडकीबाहेर गाड्या उभ्या असतात. मामांना मी बोल लावत नाही, त्यांना बिचाऱ्यांना कुणी दिशा सांगितलीच नाही, फोटो तेवढा हातात दिला. पण ज्यांना सगळं ठाऊक होतं, ते दोन वर्षं मूग गिळून बसले, त्यांना काय म्हणायचं? पालक दारात उभे राहून "वा, किती स्वच्छ!" म्हणतात. स्वच्छ नाही हो, कोरी! माझ्यावर कुणाचं कपाळ टेकलंच नाही, तर मी मळणार कशी?

अशाच एका दिवशी ते तिघं आले. बाप फरशीकामाचा ठेकेदार, आई परिचारिका आणि अकरा वर्षांची लेक. प्रवेश विभागाच्या मॅडम त्यांना शाळा दाखवत होत्या.

"तिसऱ्यांदा शाळा बदलायची ताकद आता हिच्यात नाही," आई सांगत होती. "पहिल्या शाळेत नमाजला वेळ होता, पण प्रयोगशाळेला कायमचं कुलूप. दुसरीत शिकवणं छान, पण ही जिन्याखाली लपून नमाज पढायची. एकदा सापडली तर वर्गासमोर उभी केली तिला. महिनाभर धड बोलत नव्हती घरात."

"ताई, तुम्ही अगदी योग्य ठिकाणी आलात," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे दोन्ही आहे. तिच्या वर्गात एकच जागा उरलीय, तीही आजच्यापुरती."

पोरीचं लक्षच नव्हतं. ती नुकतीच प्रयोगशाळा बघून आली होती. "अम्मी, सूक्ष्मदर्शकातून कांद्याच्या पापुद्र्यात घरं घरं दिसतात गं! खरंच दिसतात!" हे ती तिसऱ्यांदा सांगत होती. प्रयोगशाळा खरी आहे, ते मी नाकारत नाही. म्हणूनच तर जास्त संताप येतो. एका खऱ्याच्या जोरावर ही माणसं दुसरं खोटं खपवतात.

बाप मात्र खाली बघत होता. "ही फरशी मीच बसवलीय," तो म्हणाला. "मुद्दाम भिंतीला तिरपी घेतली, किबल्याच्या रेषेत. इथेही आणि बाहेर व्हरांड्यातही. दोन दिवस जास्त गेले, पण म्हटलं, पोरांनी नुसतं रेघेवर उभं राहायचं, चुकायला नको. आणि या चटया अशा आडव्या कशा?"

तो वाकला, माझा कोपरा धरला. दोन वर्षांनी कुणीतरी मला सरळ करणार होतं!

"अहो, मांडणी हलवू नका, प्लीज. पुढचे पालक येताहेत."

मांडणी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी काय दुकानाच्या काचेतली साडी आहे?

बापाने कोपरा सोडला. त्याने आईकडे पाहिलं, आईने लेकीकडे. मग आईने स्वच्छ विचारलं, "दुपारी ही खोली उघडी असेल ना?"

"म्हणजे काय! रोज," मॅडम म्हणाल्या. पापणीसुद्धा लवली नाही त्यांची.

आईने अर्जावर सही केली.

आता ऐका रोजची गोष्ट. पालकांची पाठ फिरली तशा आम्ही कपाटात गेलो, खोलीत परीक्षेच्या खुर्च्या रचल्या गेल्या आणि दाराला कुलूप लागलं. शाळा सुरू झाली त्याच दुपारी दाराशी पावलं वाजली, कुलूप हललं.

"मामा, किल्ली?"

"मॅडमकडे असते बाळा."

मॅडमकडून कधी निरोप यायचा, परीक्षा संपू दे. कधी, सुट्टी पंचवीसच मिनिटांची आहे. कधी, नंतर बघू. पोर तरी रोज यायची, रोज कुलूप हलायचं. एक दिवस हललं नाही. वाटलं, हरली बिचारी. तेवढ्यात दाराबाहेर काहीतरी सळसळलं. स्वेटर अंथरत होती ती! बापाने घेतलेल्या तिरप्या रेघेवर, येण्याजाण्याच्या वाटेत, एकटीच. आणि आत आम्ही चाळीस जणी खुशाल गुंडाळून पडलेल्या. मला माझीच लाज वाटली.

दोन महिने हे असंच चाललं. मग परवा मॅडम फोटोग्राफरला घेऊन आल्या. नवी पुस्तिका छापायची होती. पोर नेमकी स्वेटर अंथरत होती.

"अगं, किती गोड! आत बसून करतेस का?"

आणि काय चमत्कार, किल्ली सापडली! पाच मिनिटांत खुर्च्या हलल्या, आम्ही अंथरल्या गेलो. खिडकीकडेच, हे सांगायला नको.

"इथे बस बाळा. तोंड उजेडाकडे कर."

पोर माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, किबला तिकडे नाही."

"माहितीय गं मला. फोटोपुरतंच. दोन मिनिटं."

"अम्मीला तुम्ही रोज म्हणाला होता."

पोरीने वाकून माझे दोन्ही कोपरे धरले आणि मला फरशीच्या रेघेवर सरळ केलं. "मला नमाज पढायचीय," ती म्हणाली, "तुम्ही काढा फोटो." आणि तिने माझ्यावर कपाळ टेकवलं. गरम, घामेजलेलं, अकरा वर्षांचं कपाळ. त्या गिरणीतल्या बाईची मला इतकी आठवण आली.

फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "नुसती पाठ येतेय. उपयोग नाही."

माझ्या जन्मातली एकुलती एक खरी नमाज, आणि म्हणे उपयोग नाही!

तासाभरात पुन्हा कुलूप लागलं. तेव्हा आईबापांनो, शाळा निवडायला याल तेव्हा त्या सूक्ष्मदर्शकातून जरूर बघा, पण मग वाका आणि मलाही हात लावून बघा. कपाळाच्या जागी लव दबलीय का, ते बघा. दबली नसेल तर गोड बोलण्याला भुलू नका. माझ्यावर फक्त एक जागा दबलीय, तळहाताएवढी.

दुपार झाली. दाराबाहेर स्वेटर सळसळतोय. सही मागतील तेव्हा तुम्ही आधी किल्ली मागा.