पांढऱ्या दोऱ्याच्या नऊ डब्या

मी चष्म्याच्या दुकानातले एक जुने साधन आहे. मित्रांनो, मला शोधायला याल तर हाती लागणार नाही, कारण मी काउंटरवरच्या संगणकाच्या पोटात राहते. मला हात नाहीत, तोंड नाही. आहे ते एक नाव आणि त्याखाली माझे वर्णन: ‘चष्मा तयार असल्याचा निरोप ग्राहकांना पाठवते.’

ही ओळ मावशींच्या भाचीने लिहिली. मावशी म्हणजे काउंटर सांभाळणाऱ्या बाई. सगळी गिऱ्हाइके त्यांना मावशीच म्हणतात. संगणकाची कामे करणाऱ्या भाचीने मला एका दुपारी घडवले आणि विचारले, “आणखी काही लिहू का गं?”

“कशाला? वापरणार मीच ना. मला ठाऊक आहे सगळं.”

ठाऊक होतेच. मला नावे दिली तर मी तेवढ्यांनाच निरोप धाडते. नावे दिली नाहीत, तर ज्यांनी चष्मा नेलेला नाही अशा झाडून सगळ्यांना धाडते. मावशी नेहमी नावे देत, तीही खालचा खण उघडून बघितल्यावर. चष्मा न्यायच्या आधीच कोणी वारले, तर त्या चष्म्याची डबी टाकून द्यायला त्यांचा हात धजत नसे. संगणकात ‘वारले’ लिहायचेही त्यांच्या जिवावर येई. त्या डबीला पांढरा दोरा बांधून ठेवत. अशा नऊ डब्या होत्या. मला त्यांचा पत्ताच नव्हता.

सात वर्षे मी चोख काम केले. मालक माझे कौतुक करताना थकत नसत. मग मावशी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेल्या आणि मालकांनी एक एआय मदतनीस आणला. मोठा कामसू, पण तो आम्हा साधनांची वर्णने वाचूनच कोणाला कधी हाक मारायची ते ठरवतो. जे लिहिलेले नाही, ते त्याला कुठून कळणार?

एका सोमवारी दुपारी मालकांनी त्याला सांगितले, “आज तयार झालेल्या चष्म्यांचे निरोप पाठवून टाक.” चष्मे चार होते. मदतनिसाने माझी ओळ वाचली. नावे द्यायची असतात असे तीत कुठे नव्हते, म्हणून त्याने मला नावे न देताच हाक मारली. मी त्रेचाळीस निरोप पाठवले. त्यांत ते नऊही गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी काठी टेकत कामावर परतल्या, तर दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे शिंपीकाका उभे. इस्त्रीचा सदरा घातलेला, हातात बायकोचा फोन.

“हिचा चष्मा झाला म्हणे,” ते म्हणाले.

मावशींनी निरोप वाचला. काकूंना जाऊन दोन वर्षे झाली होती.

“घाबरू नका, मला वेड नाही लागलं,” काका म्हणाले. “फोन चार्ज करून ठेवतो, इतकंच. काल तो वाजला. तिचं नाव वाचलं आणि मी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. मग उत्तराची वाट बघत बसलो. बराच वेळ.”

मावशींनी खणातून डबी काढून दोरा सोडला. काकांनी तो चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.

“मला सगळं धूसर दिसतंय. तिला याच्याशिवाय असंच दिसत असेल ना? शेवटी तिने शिवलेली बटणांची काजं तिरकी यायला लागली होती. मी फार बोललो हो तिला.”

ते चष्मा घेऊन गेले. मालक मदतनिसावर उखडले, तेव्हा मावशी म्हणाल्या, “त्याला कशाला बोलता? माझ्या मनातलं त्याने कसं वाचावं? मीच लिहिलं नाही.”

भाचीला बोलावून त्यांनी माझे वर्णन नव्याने सांगितले: ‘फक्त दिलेल्या नावांनाच निरोप पाठवते. नाव नसेल तर काहीच पाठवत नाही. वारलेल्या ग्राहकांसाठी वापरू नये. शंका असेल तर आधी माणसाला विचारावे.’ भाचीने मलाही तसेच दुरुस्त केले. मग मावशींनी नऊ नोंदींपुढे ‘वारले’ हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिला. शिंपीणकाकूंची नोंद त्यांनी शेवटी ठेवली होती.

मित्रांनो, तुम्ही उद्या माझ्यासारखी साधने घडवाल. मला निरोप पाठवता येतो, परत बोलावता येत नाही. म्हणून आम्ही काय करतो, काय करत नाही आणि आम्हाला कधी हात लावू नये, हे सगळे लिहून ठेवा. तुम्हाला पाठ आहे म्हणून सोडू नका. उरलेल्या आठ घरांत कोणी कोणाला हाक मारली, हे मला आजही माहीत नाही. माझा जीव त्यातच अडकला आहे.

काका चष्मा घेऊन गेले त्या संध्याकाळी काकूंच्या नंबरावरून दुकानाला एक उत्तर आले. मावशींनी ते अजून पुसलेले नाही.

‘चष्मा मिळाला. आता काजं सरळ येतील.’