फ्रॉकसाठी धरलेला उपास

पाचवं अंडं सोलता सोलता रोदिकाला मळमळून आलं. पोस्टाच्या मागच्या खोलीत, पार्सलांच्या ढिगाशेजारी ती स्टुलावर बसली होती आणि समोर तिच्यासोबत खिडकीवर काम करणारी मारिलेना मोबाईलवरून वाचून दाखवत होती.

"दिवस चौथा. सकाळी दोन अंडी, दुपारी तीन, रात्री दोन आणि बिनसाखरेची कॉफी. अगं, हे माणसासाठी आहे की सापासाठी?"

"किती उतरतं म्हणालीस?"

"चौदा दिवसांत आठ किलो. पण खाली एका बाईनं लिहिलंय, नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला लागला."

"आमच्या नेलूला झोपायला कारणच हवंय," रोदिका म्हणाली आणि पाचवं अंडं कागदात गुंडाळून तिनं टोपलीत टाकलं.

तिच्या मुलाचं, सोरिनचं लग्न ईस्टरनंतरच्या रविवारी ठरलं होतं. मुलगी याश शहरातली, शिकलेली, गोड. मुलीची आई कोरिना दातांची डॉक्टर, उसाच्या कांडीसारखी सरळ. साखरपुड्याच्या जेवणाला फोटो काढताना सोरिन सहज बोलून गेला होता, "आई, जरा मागे सर ना, तुझ्यामागे सगळे झाकले जातायत." सगळे हसले. रोदिकाही हसली. परत आपल्या गावी, हुशीला येताना बसमध्ये अडीच तास ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि नेलूला वाटलं हिला झोप लागली.

मग सुरू झाली शोधाशोध. आधी कोबीचं सूप झालं. तीन दिवसांत जिन्यातली शेजारीण विचारून गेली, तुमचं गटार तुंबलंय का. मग नुसतं ताक. मग मारिलेनाच्या चुलतबहिणीनं सांगितलेला भाजणीसारखा कुठलातरी भुसा, जो पाण्यात फुगायचा आणि पोटात आणखी फुगायचा. आणि आता ही अंडी. वजनाचा काटा मात्र हट्टी गाढवासारखा जागेवरून हलायला तयार नव्हता. निळा फ्रॉक शिवून आला होता आणि कपाटात टांगलेला होता. त्याची चेन पाठीवर चार बोटं उघडी राहायची.

त्या सोमवारी ती घरी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात पांढरा घेवडा निवडत होत्या. सावेता ऐंशीच्या होत्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. सून घरात आल्यापासून दोघींचं भांडण असं झालं नव्हतं आणि जिव्हाळ्याचं बोलणंही फारसं झालं नव्हतं. ईस्टरआधीचा मोठा उपास आजपासून लागला, हे रोदिकाला तो घेवडा बघून आठवलं. अठ्ठेचाळीस दिवस मांस नाही, अंडं नाही, दूध, लोणी, चीज काही नाही. दरवर्षी म्हातारी गॅसच्या एका शेगडीवर आपलं वेगळं पातेलं ठेवायची. घरात त्याकडे कुणी लक्ष द्यायचं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे देत नाहीत तसं.

रोदिका पर्स हातात धरून तिथेच उभी राहिली. अठ्ठेचाळीस दिवस. बरोब्बर लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत.

"आई, यंदा मीपण तुमच्याबरोबर धरू का?"

सावेतांनी मान वर केली. "देवासाठी की फ्रॉकसाठी?"

रोदिकाच्या तोंडाशी खोटं आलं होतं. पण त्या डोळ्यांपुढे ते टिकेना. "फ्रॉकसाठी."

"बरं. मग आणखी दोन मुठी घेवडा भिजत घालते." आणि थोड्या वेळानं, दाणे चाळत, "पोटाला कुठे कळतंय कशासाठी ते."

पहिला आठवडा रोदिकानं रागावर काढला. दहा वाजले की पोटात कावळे ओरडायचे. पोस्टाच्या खिडकीपलीकडची माणसं पेन्शनचे कागद पुढे करायची आणि तिला त्यांच्या पिशव्यांतली पावाची टोकं दिसायची. घरी आलं की मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, त्याच्यावर तेलात परतलेला कांदा. नाहीतर चोर्बा, म्हणजे बटाट्याचं आंबट सूप. नेलू मुद्दाम तिच्यासमोर डुकराचा रस्सा पावानं पुसून खायचा.

"तुझी आई आणि मी, आता घरात दोन संत झालो," ती म्हणायची.

"आई संत आहे. तू नुसती उपाशी आहेस," नेलू म्हणायचा.

दोन आठवड्यांत दीड किलो उतरलं. तिनं मारिलेनाला मिठी मारली.

चौथ्या आठवड्यात तोआदेरआजोबा पार्सल घेऊन आले. इटलीतल्या लेकीला ते दर महिन्याला खोका पाठवायचे. आज खोक्यात घरी धुरावलेले सॉसेज होते, आणि वजन करायला तो काट्यावर ठेवला तसा लसणाचा आणि धुराचा वास खिडकीतून आत आला. रोदिकानं नकळत डोळे मिटले.

"काय गं पोरी, चक्कर येतेय? थांब, एक काढून देतो. लेक काही मोजत नाही."

"नको आजोबा. मोठा उपास चाललाय."

"तुझ्या वयाच्या बायका अजून करतात?" म्हाताऱ्याला नवल वाटलं. "कुणाची तू?"

"माझ्या सासूबाई करतात. सावेता. कापड गिरणीच्या कँटीनमध्ये होत्या."

तोआदेरनी डोक्यावरची फरची टोपी काढली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. मागे रांगेत तीन माणसं उभी होती. त्यांच्याकडे न बघता ते म्हणाले, "जिवंत आहे ती? मला वाटलं... मी बावीस वर्षं तिकडे लेकीकडे होतो ना, गेल्या वर्षी परतलो. सावेताची सून तू? मग तुला ठाऊकच असेल."

"काय?"

"चौऱ्याहत्तर सालचं."

रोदिकाला काही ठाऊक नव्हतं. रांगेतल्या बाईनं घसा खाकरला, तेव्हा मारिलेना पुढे होऊन म्हणाली, इकडे या तुम्ही, माझ्या खिडकीवर. आणि तोआदेर सांगायला लागले.

"चारशे माणसांचा स्वयंपाक करायची ती. मांसाचा रस्सा, कटलेट, काय असेल ते. आणि उपासाचे दिवस आले की एक कण जिभेवर ठेवायची नाही. मिठाचा अंदाज वासावर. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलायचं नाही. तेव्हा कम्युनिस्टांचं राज्य, असल्या देवाधर्माच्या गोष्टी बोलायच्या नसत. पण कुणीतरी चिठ्ठी लिहिली वरती. मार्चात एक दिवस जिल्ह्याहून साहेब आला. काळा कोट, चामडी बॅग. सगळ्यांसमोर तिला म्हणाला, कॉम्रेड, एक ताट वाढून घ्या आणि माझ्यासमोर बसून जेवा."

"मग?"

"मग काय. नाही म्हणाली असती तर नोकरी गेली असती, गिरणीची खोली गेली असती. नवरा आजारी, पोरगं चार वर्षांचं. ती म्हणाली, साहेब, स्वयंपाकीण शेवटी जेवते. आधी कामगार. तो म्हणाला, ठीक आहे, मी थांबतो. आणि खुर्ची ओढून बसला की हो भांड्यांशेजारी."

म्हाताऱ्यानं बोटानं खिडकीच्या फळीवर जणू ती खुर्ची कुठे होती ते दाखवलं.

"आम्ही जेवलो. पहिली पाळी संपली. भांड्यात अजून पाव हिस्सा रस्सा. आणि मग कुणीतरी उठलं, ताट घेतलं आणि परत रांगेत जाऊन उभं राहिलं. मग दुसरं. कुणी कुणाला खूण केली नाही, आईची शपथ. मी पाच ताटं खाल्ली त्या दिवशी. पाचवं गिळताना डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्या शेजारच्या मागावर इलिंका होती. ती तर स्वतः उपासाची. रोज घरून उकडलेला बटाटा आणायची आणि कोपऱ्यात खायची. ती उठली. रस्सा घेतला, मांसाचे तुकडे घातलेला, आणि उभ्या उभ्या खाल्ला. दोन ताटं. साहेब घड्याळ बघतोय, आणि भांडी खरवडल्याचा आवाज. तीन वाजता सावेतानं तिन्ही भांडी त्याच्यासमोर उपडी करून दाखवली. एक थेंब नाही. म्हणाली, आज माझ्या वाट्याला काही उरलं नाही, साहेब."

रोदिकाच्या हातातला शिक्का तसाच वर धरलेला होता.

"त्या साहेबानं काय केलं?"

"काय करणार? चारशे माणसं जेवली हा काय गुन्हा आहे? गेला." तोआदेरनी टोपी उचलली. "तिला माझा नमस्कार सांग."

रोदिका त्या संध्याकाळी बसनं गेली नाही. चालत गेली. तीस वर्षं ती ह्या बाईच्या हातचं जेवत होती, तिचे मोजे धुवत होती, तिच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत होती. शेजारी डोंगर असावा आणि आपण त्याच्यावर रोज कपडे वाळत घालावेत, तसं काहीतरी झालं होतं.

सावेता खिडकीशी बसून बटाटे सोलत होत्या.

"आई, तोआदेर म्हणून एक भेटले. गिरणीतले. पाच ताटं खाल्ली म्हणाले."

म्हातारीचा हात थांबला. मग गालातल्या गालात ती हसली. "पाच? खोटारडा मेला. तीन."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"कुणी विचारलं?" त्यांनी सुरी पुन्हा चालवली. साल लांबलचक, न तुटता खाली उतरत होती. "मी काही फार देवाची बाई नव्हते गं. आई करायची म्हणून करत होते. त्या वर्षी तर सोडणारच होते, अंगात त्राण नव्हतं. पण माणसं माझ्यासाठी जेवली. इलिंका जेवली. आता कसा सोडायचा, तूच सांग."

रोदिकानं दुसरी सुरी घेतली आणि ती समोर बसली. त्या दिवसापासून तिला भूक लागायची थांबली असं नाही. भूक लागायचीच. पण काट्यावर उभं राहायचं ती विसरायला लागली.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी सावेतांना ताप भरला. दोन दिवसांत छातीत घरघर सुरू झाली आणि नेलूनं त्यांना उचलून गाडीत घातलं. इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती, सोरिनच्याच वयाची. तिनं फुप्फुसांचा फोटो दिव्यावर धरून दाखवला आणि म्हणाली, "औषधं मी देते. पण शरीरात काही नाहीच आहे. आजपासून कोंबडीचं पाणी, अंडं, दूध. नाहीतर मी हमी देत नाही."

"ती घेणार नाही," नेलू बाहेर येऊन म्हणाला. एवढा थोराड माणूस, भिंतीला टेकून लहान मुलासारखा नाक पुसत होता. "साठ वर्षांत घेतलं नाही तिनं."

रोदिकानं घरी जाऊन कोंबडी शिजवली. गाजर, कांदा, सेलरीची गड्डी. शेवटी मीठ घालायला तिनं चमचा उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थबकली. तिनं पातेल्यावर मान वाकवली, वाफेत तोंड धरून खोल श्वास घेतला, आणखी एक चिमूट टाकली आणि झाकण लावलं.

वॉर्डात सावेता उशांना टेकून बसल्या होत्या, भिंतीपेक्षा पांढऱ्या. रोदिकानं वाडग्यात सूप ओतलं. चमचा भरला. एवढा मोठा उपास आपल्या हातानं मोडायचा, ह्या विचारानं तिनं चमचा परत वाडग्यात ठेवला.

"आई, डॉक्टर म्हणाल्या..."

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून." सावेता वाडग्याकडे बघत होत्या. "इलिंकानं त्या दिवशी मांस खाल्लं. तिचा उपास मोडला असं मला एक दिवसही वाटलं नाही. आण."

त्यांनी तोंड उघडलं. एक घोट. दुसरा. डोळे मिटून त्यांनी तो गिळला. शेजारच्या खाटेवरची बाई पत्त्यांचा डाव मांडत होती, तिला काही कळलं नाही.

"मीठ बरोबर पडलंय," सावेता म्हणाल्या. "चाखलं होतंस?"

"नाही."

सासूनं डोळे उघडून सुनेकडे पाहिलं. बराच वेळ. तीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"मग उरलेले तेरा दिवस तू पूर्ण कर," त्या म्हणाल्या. "माझ्या वाटचे."

रोदिकानं ते केले. सकाळी इस्पितळ, मग पोस्ट, मग पुन्हा इस्पितळ. रोज कोंबडी शिजवायची, रोज वाफेवर मिठाचा अंदाज घ्यायचा, आणि आपण बटाटा खायचा. ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी सावेता घरी आल्या. लग्नाच्या सकाळी निळ्या फ्रॉकची चेन वरपर्यंत लागली, आणि मारिलेनानं टाळ्या वाजवल्या. रोदिकाला मात्र तेव्हा घाई होती. तिला चार ठिकाणी गाडी पाठवायची होती.

गिरणीतली माणसं शोधायला तिनं पोस्टाचे सगळे पत्ते पालथे घातले होते. कितीतरी गेले होते, काही परदेशात लेकरांकडे होते. इलिंकाही नऊ वर्षांपूर्वी गेली होती. मिळाले चौघं. तोआदेर, दोन म्हाताऱ्या विणकरणी आणि एक हातात काठी असलेला गृहस्थ, जो फक्त हसायचा. त्यांना लग्नाच्या हॉलमध्ये दाराजवळच्या टेबलाशी बसवलं होतं.

वाजंत्री थांबली होती, वाढपी चोर्ब्याचे वाडगे मांडत फिरत होते. नेलू आपल्या आईला दंडाला धरून आत घेऊन आला. आजारानं त्या इतक्या लहान झाल्या होत्या की काळ्या रुमालाखाली चेहरा शोधावा लागत होता. त्या दारातून आत आल्या आणि चौघं उठून उभे राहिले. काठीवाल्याला वेळ लागला, पण तोही उठला.

सावेता थांबल्या. एकेकाचा चेहरा त्यांनी नीट न्याहाळला.

"बसा की," त्या म्हणाल्या. "गार होतंय."

"आज तुम्ही आधी, सावेताबाई," तोआदेर म्हणाले.

कुणी बसलं नाही. नेलूनं खुर्ची ओढली. सावेता बसल्या, रुमाल सारखा केला आणि त्यांनी चमचा हातात घेतला. आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं हळूहळू विरत गेलं, का ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुख्य टेबलावर कोरिना रोदिकाकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "त्या कोण आहेत हो? मोठ्या कुणी आहेत का?"

रोदिकाच्या ओठांवर सगळं आलं. तीन भांडी, काळा कोट, उभ्यानं खाल्लेली दोन ताटं. पण कुठून सुरुवात करावी तेच तिला कळेना.

"माझ्या सासूबाई आहेत," ती म्हणाली, आणि खुर्ची मागे सारून तीही उभी राहिली.