दोन टॉवेलांमधला कठडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कठडा आहे. पोलीस मला बॅरिकेड म्हणतात. ज्यांची वाट मी अडवली ती माणसं मला काय म्हणतात, ते तुमच्या कानावर न पडलेलंच बरं. माझ्या छातीवर पिवळ्या रंगात 'थांबा' असं लिहिलेलं आहे, पण रंग आता बराच उडालाय. मला चाकंही आहेत. त्यातलं एक लहानपणापासूनच कुरकुरं होतं. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसलं आलंय लहानपण? असतं हो. सांगतो.

एका वेल्डरच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. एकाच ट्रकमधून आलेल्या पाइपांपैकी काहींची फाटकं होत होती आणि काहींचे कठडे. माझ्या शेजारचा पाइप फाटकात गेला. त्याला बिजागऱ्या मिळाल्या, कडी मिळाली, वर वेलबुट्टीसुद्धा मिळाली. मला नुसते पाय आणि चाकं मिळाली. वेल्डर हाताने कामसू आणि तोंडाने बोलघेवडा. फाटकाला रंग देताना तो म्हणायचा, "तू नशीबवान रे बाबा. दिवसभर उघडशील, मिटशील, माणसं ये-जा करतील." मला रंग देताना मात्र तो गप्प असायचा. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच खूळ बसलं. उन्हात तापून डुलकी लागली की मला स्वप्न पडायचं. मला बिजागऱ्या फुटल्या आहेत, कोणीतरी मला हलकेच ढकलतंय आणि मी उघडतोय. पलीकडे काय आहे ते कधी दिसलंच नाही. नेमकं तेव्हाच कोणीतरी माझ्यावर टेकायचं आणि मी जागा व्हायचो.

नोकरी मात्र मी इमानाने केली. खणलेल्या खड्ड्यांभोवती उभा राहिलो, धावण्याच्या शर्यतीत रस्त्याची कड सांभाळली, नाट्यगृहाबाहेरच्या वाकड्यातिकड्या रांगा सरळ केल्या. एकदा एक रांगतं पोर माझा दांडा धरून आयुष्यात पहिल्यांदा उभं राहिलं. त्याच्या आईने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चुकून माझ्यावरूनही फिरवला. तेवढी एकच शाबासकी मी कितीतरी वर्षं पुरवून पुरवून खाल्ली.

मग आमच्या शहरात मोठी परिषद भरली. देशोदेशीचे पुढारी येणार होते. गोदामातून आम्हा सगळ्या भावंडांना बाहेर काढलं, नवा रंग फासला आणि विमानतळाकडून येणाऱ्या रुंद रस्त्याच्या दोन्ही कडांना साखळ्यांनी बांधून उभं केलं. मी एका गल्लीच्या तोंडाशी आलो. माझ्याजवळ एक हवालदार उभा राहिला. परगावाहून बंदोबस्ताला आणलेला, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला, बूट चावत असल्यामुळे सदा कपाळाला आठी. परिषद संपेपर्यंत कोणी रस्ता ओलांडायचा नाही, रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवायच्या आणि गॅलरीत-खिडकीत कपडे वाळत घालायचे नाहीत, असा हुकूम निघाला. फोनचं जाळंही मधूनमधून बंद ठेवत होते.

गल्लीतली माणसं माझ्यावर कोपरं टेकून जमली. न्हावी म्हणाला, "पाहुणे येणार म्हणून घरच्यांनाच कोंडलं की हो."

"जगाचं लक्ष आहे आपल्याकडे," शाळेतून निवृत्त झालेले मास्तर म्हणाले. "चार दिवस कळ काढायला काय होतंय?"

"तुम्हाला पेन्शन आहे मास्तर. माझी निम्मी गिऱ्हाइकं पलीकडे राहतात. तिकडे त्यांच्या दाढ्या वाढतायत आणि इकडे मी वस्तरा परजत बसलोय."

फुलवालीची गाडी रस्त्यावरून हलवली होती आणि तिच्याच जागेवर भाड्याच्या फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या. ती माझ्याजवळ येऊन त्या कुंड्यांकडे बघायची आणि म्हणायची, "पाणी तरी घाला त्यांना." एक नवी बाळंतीण मात्र खूश होती. हॉर्न बंद झाल्यापासून तिचं बाळ दुपारभर झोपत होतं.

आणि खरं सांगू का मित्रांनो, तो रस्ता तसा सुंदर झाला होता. इतका रिकामा रस्ता मी कधी पाहिला नव्हता. वाळकं पान घरंगळत गेलं तरी त्याचा आवाज ऐकू यायचा. एक कुत्रा मधोमध आडवा होऊन तासन्तास झोपायचा. माणसं तळ्याकाठी बसावं तशी माझ्यावर रेलून त्या रस्त्याकडे बघत राहायची आणि हळू आवाजात बोलायला लागायची. मलाही झोप यायची. माझं जुनं स्वप्न त्या दिवसांत भर दुपारी पडायला लागलं.

पण त्या शांततेने एका बाईचा जीव टांगणीला लावला होता.

गल्लीच्या तोंडाशी पहिल्या मजल्यावर एक बाई राहायची. शिंप्याकडच्या कपड्यांना काज-बटणं करायची. गल्ली तिला धाकटी म्हणायची, कारण तिची थोरली बहीण रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, तळमजल्यावर राहायची. थोरली रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. दोघींच्या मागे-पुढे कोणी नाही. धाकटीला अजिबात ऐकू यायचं नाही, तेव्हा फोन असून नसल्यासारखा. थोरलीचे गुडघे गेलेले. एकत्र राहा म्हटलं तर दोघी एका सुरात म्हणायच्या, "तिच्याबरोबर? दोन दिवसांत भांडणं होतील."

पण दोघींची एक रीत होती. सकाळी आंघोळ झाली की ओला टॉवेल रस्त्याकडच्या खिडकीच्या गजांवर पसरायचा. थोरलीचा निळा, धाकटीचा पांढरा. समोर टॉवेल दिसला म्हणजे बाई उठली, आंघोळ झाली, ठीक आहे. तो बघितल्याशिवाय दोघी चहाला तोंड लावायच्या नाहीत. हे कधी ठरवलेलं नव्हतं, अंगवळणी पडत गेलं होतं.

पहिल्याच दिवशी हवालदाराने वर जाऊन धाकटीचा टॉवेल काढायला लावला. पलीकडच्या शिपायाने थोरलीचा काढायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी चहा न पिताच, ओला टॉवेल हातात घेऊन खाली आली आणि ठणठणीत आवाजात, कारण तिला स्वतःचाही आवाज ऐकू यायचा नाही, म्हणाली, "हवालदार, मला पलीकडे सोडा. माझी बहीण बरी आहे का ते बघायचंय."

"नाही सोडता येत, बाई."

"मला ऐकू येत नाही. तेव्हा नाही म्हणायचं असेल तर त्याचा काही उपयोग नाही."

न्हावी फिसकन हसला. हवालदाराने मान हलवून, हात हलवून 'नाही' म्हटलं. तिने त्याला टॉवेलाची सगळी कथा सांगितली. सांगताना तिचा आवाज बारीक झाला. हवालदाराची आठी थोडी सैल झाली. त्याने टॉवेल तिच्या हातातून घेतला आणि माझ्या वरच्या दांड्यावर पसरला. "खिडकीत नको म्हटलंय," तो मास्तरांना म्हणाला, "बॅरिकेडबद्दल कोणी काही बोललेलं नाही."

मग त्याने वायरलेसवर पलीकडच्या शिपायाला सांगितलं, "समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंचा निळा टॉवेल घ्या आणि बॅरिकेडवर टाका." थोड्या वेळाने माझ्या समोरच्या भावाच्या खांद्यावर निळा टॉवेल आला. धाकटी पायरीवर बसली आणि तिथेच चहा प्यायली. वायरलेसवर "टॉवेल लागला" हा निरोप रस्ताभर गेला होता. कुठल्याशा चौकातून एका अधिकाऱ्याने विचारलं, "हा टॉवेल कोण? कुठल्या देशाचा?" गल्ली दिवसभर हसत होती.

मलाही मोठं बरं वाटलं. ओल्या टॉवेलाचं पाणी माझ्या तापलेल्या दांड्यावरून ठिबकायचं. रोज सकाळी टॉवेल यायचे, तपासणीला येणाऱ्या साहेबाची गाडी दिसण्याआधी हवालदार ते घडी घालून ठेवायचा आणि धाकटी निश्चिंत मनाने काज करायला बसायची.

शेवटच्या दिवशी समोर टॉवेल आला नाही.

पलीकडचा शिपाई बदलला होता. हवालदाराने वायरलेसवर विचारलं. नवा म्हणाला, "कसला टॉवेल? मला कोणी काही दिलं नाही."

"तळमजल्याचं दार वाजवा."

तो वाजवून आला. "कोणी उघडत नाही. बाहेर गेल्या असतील."

"जाणार कुठून? सगळीकडे तुम्ही-आम्हीच उभे आहोत," हवालदार म्हणाला.

धाकटी त्याच्या ओठांकडे बघत होती. तिने गळ्यातल्या दोऱ्यात अडकवलेली किल्ली बाहेर काढली. बहिणीच्या घराची दुसरी किल्ली तिच्याचकडे असायची. या खेपेला ती मोठ्याने बोलली नाही. एवढंच म्हणाली, "ती माझ्यावर रागावली तरी टॉवेल घालते."

तेवढ्यात वायरलेसवर आवाज आला की पाहुण्यांच्या गाड्या विमानतळाकडे निघाल्या आहेत. आता कुणालाही सोडू नका. हवालदाराने रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. मग समोरच्या बंद खिडकीकडे बघितलं. नोकरी जाईल, हे त्याला कळत होतं. मलाही कळत होतं, कारण त्याचा घामेजलेला हात माझ्याच दांड्यावर होता. न्हाव्याच्या हातात वस्तरा तसाच राहिला. मास्तर पुढे झाले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हवालदार, जगाचं राहू द्या. या बाईकडे बघा."

हवालदाराने साखळी सोडली आणि मला ढकललं.

माझं कुरकुरं चाक खाचेत अडकलं. मी सगळा जोर लावला, लोखंडाला जेवढा लावता येतो तेवढा. चाक मोडलं, मी एका बाजूने गरकन फिरलो आणि वाट मोकळी झाली. मित्रांनो, ते माझं स्वप्नच होतं, फक्त बिजागऱ्यांशिवाय. आणि पलीकडे काय आहे ते मला शेवटी दिसलं. एक भला रुंद रस्ता, आणि त्यावरून सपाता फटफटवत, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून, किल्ली मुठीत धरून धावणारी एक बाई. बंद खिडक्यांच्या फटींतून माणसं बघत होती. मधोमध झोपलेला कुत्रा उठला आणि तिच्या मागे निघाला. कोणी ओरडलं नाही, शिट्टी वाजली नाही. समोरच्या भावाला नव्या शिपायाने मुकाट्याने बाजूला सारलं.

थोरली न्हाणीघरात पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं आणि पहाटेपासून ती गार फरशीवर पडून होती. तिने हाका मारल्या होत्या, पण दोन दारं बंद असताना त्या रस्त्यापर्यंत येणार कशा. धाकटीला बघून ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "टॉवेल बादलीतच राहिला गं." धाकटीला ते ऐकू आलं नाही. तिने तोवर वाळलेला आपला टॉवेल तिच्या अंगावर घातला आणि ती तिथेच ओल्या फरशीवर बसून रडली. हे मला नव्या शिपायाने हवालदाराला सांगितलेल्या बोलण्यातून कळलं. दोन तास उशीर झाला असता तर वाचल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले.

नव्या शिपायाने बोलावलेली रुग्णवाहिका त्याच रस्त्याने जाणार होती. हवालदाराने वायरलेस तोंडाशी धरला आणि खरं ते सगळं सांगून टाकलं. मग तोच टॉवेलवाला अधिकारी म्हणाला, "गाड्या चौकात थांबवतो. आधी टॉवेल जाऊ दे." रुग्णवाहिका गेली. तिच्या मागून थोड्या वेळाने काळ्या गाड्यांची रांग आली. काचेआडून एक पाहुणा आमच्या गल्लीकडे बघून हात हलवत होता. त्याला वाटलं असेल, एवढी माणसं आपल्यासाठीच उभी आहेत. फुलवालीने त्याला उलट हात केला. म्हणाली, "करू दे बिचाऱ्याला, थांबला ना आपल्यासाठी."

परिषद संपली. हवालदाराला वरून ताकीद मिळाली, पण नोकरी राहिली. जाताना त्याने न्हाव्याकडून दाढी करून घेतली आणि न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. माझ्या भावंडांना ट्रकमध्ये चढवलं. माझं चाक मोडलेलं, पाय वाकलेला. मजूर म्हणाला, "हा कुचकामी झाला," आणि मला भिंतीला टेकवून निघून गेला. कित्येक महिने मी तिथे गंजत पडलो. माझ्यावर कोणी जुनं पोतं टाकलं, कोणी फुटका झाडू ठेवला. वाईट वाटलं. पण मी मनातल्या मनात तो रुंद रस्ता पुन्हा पुन्हा बघायचो आणि दिवस निघून जायचा.

मग एके दिवशी थोरली काठी टेकत, धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून गल्लीत राहायला आली. भांडणं व्हायचीच होती, ती दुसऱ्याच दिवशी झाली. थोरलीच्या गुडघ्यांमुळे दोघींनी तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. त्यांच्यापुढे एवढंसं अंगण होतं, पण त्याला फाटक नव्हतं. धाकटीने न्हाव्याला बोलावलं, न्हाव्याने वेल्डरला. हो, तोच वेल्डर, आता चष्मा लागलेला. त्याने माझा पाय सरळ केला, माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "तुला बिजागऱ्या लावतो रे बाबा. उशीर झाला खरा."

मित्रांनो, माझ्या भावंडांना कधी रस्त्यात उभं करावं लागलं तर खुशाल करा. खड्ड्यापाशी, गर्दीपाशी त्यांची गरज असते. त्यांच्या चाकांना मात्र अधूनमधून तेलाचा थेंब घाला, म्हणजे वेळ आली की ती अडणार नाहीत. आणि त्यांच्यावर हात ठेवून उभे असाल तेव्हा पलीकडच्या एखाद्या खिडकीकडे तेवढी नजर टाका.

आता सकाळ झाली की दोघी बहिणी आंघोळ करून बाहेर येतात. खिडकीला मोकळे गज आहेत, तरी निळा आणि पांढरा असे दोन्ही टॉवेल माझ्यावरच पसरतात. मग कोणीतरी चहाला येतं, मला ढकलतं, आणि मी टॉवेलांसकट उघडतो.