पुढच्या चाकांची घाई

पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यातील मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमारास, टेकडीच्या माथ्यावरील पाणीपुरवठा केंद्राच्या आवारात, कित्येक महिने विटांवर उभी असलेली एक जुनी पिकअप गाडी स्वतःच्या बळावर चिखलातून निघाली आणि टाकीमागचा चढ चढून गेली. साक्षीदार तिघेच होते: गाडी चालवणारा पंपचालक, त्याच्या शेजारी पाठीशी उशी घेऊन बसलेली त्याची बायको, आणि चिखलाने माखत गाडीमागून धावणारा तिचा धाकटा भाऊ, जो पेशाने मेकॅनिक होता.

"चढली, भावोजी, चढली! चारही चाकं ओढतायत!"

"ओढणारच," पंपचालक खिडकीतून म्हणाला. "न ओढायला कारण काय?"

न ओढायला कारण गेल्या वर्षापर्यंत होते. गाडी दोन चाकांची, म्हणजे इंजिनाचे बळ केवळ मागच्या चाकांना. पुढची चाके नुसती वळण्यापुरती. टेकडीचा रस्ता खाली अर्धा सिमेंटचा आणि वर अर्धा मातीचा. पाऊस लागला की मातीच्या भागात मागची चाके जागच्या जागी गरगरत, आणि गाडी, जणू नाराज होऊन, मागे घसरू लागे. पंपचालकाच्या बायकोची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. दर दिवसाआड तिला खाली शहरातील रुग्णालयात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. गेल्या पावसाळ्यात यंत्राच्या पाळ्या चुकल्या, छातीत पाणी भरले, आणि ती कशीबशी वाचली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितले होते, "एकतर रस्ता बदला, नाहीतर घर. पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही."

घर बदलणे अवघड नव्हते. रुग्णालयाजवळ बायकोच्या थोरल्या बहिणीने एक खोली तिच्यासाठी रिकामी ठेवली होती. परंतु पंप सोडून पंपचालक खाली राहायला जाऊ शकत नव्हता, आणि जिच्याशी वाद घातल्यावाचून त्याला जेवण गोड लागत नसे, तिला एकटीला खाली पाठवण्याची कल्पना त्याला सहन होत नव्हती. रस्ता बदलणे त्याच्या हाती नव्हते. उरली गाडी.

म्हणून त्याने मेव्हण्याला हाताशी धरून, पुढच्या चाकांनाही बळ देण्याचे ठरवले. भंगाराच्या आवारातून त्याच जातीच्या चारचाकी ओढीच्या गाडीचा पुढचा अक्ष, म्हणजे ॲक्सल, आणला. इंजिनाचे बळ पुढे-मागे वाटून देणारी लोखंडी पेटी आणली. जुने पुढचे सांधे गॅसने कापून काढले. गाडी विटांवर होती तोवर बायको भाड्याच्या रिक्षाने खाली जाई, पण ती रिक्षा रस्ता कोरडा असेपर्यंतच वर येत असे. पंपचालक हा साधा वॉशरही मोजल्याशिवाय बसवणारा माणूस. त्याने प्रत्येक बोल्ट तपासला, प्रत्येक पट्टी पुन्हा वेल्ड करून घेतली, आणि मेव्हण्याच्या हातून झालेल्या प्रत्येक कामावर शंका घेतली. शंका घेतली नाही ती एकाच गोष्टीवर.

"भावोजी, पुढच्या अक्षाचं झाकण उघडून आतल्या गिअरचे दात मोजून घेऊ," मेव्हणा तेव्हा म्हणाला होता.

"कशासाठी? गाडी तीच, साल तेच, कारखान्याचं लाल सील शाबूत. जिथे कुणाचा हातच लागलेला नाही, तिथे चूक शिरणार कुठून?"

"चूक नाही म्हणत मी. वेगळं असू शकतं."

"म्हणजे कारखाना खोटा आणि तू खरा?"

"मी कुठे खरा म्हणतोय? मी नुसतं मोजू म्हणतोय!"

बायको दारातून म्हणाली होती, "अरे, सोड. यांच्याशी वाद घालून जिंकण्यापेक्षा मशीनवर चार तास पडून राहणं सोपं."

तिघेही हसले होते, आणि झाकण तसेच राहिले.

त्या मंगळवारी चिखलातील चढ जिंकल्यावर ते तिघे शहरात गेले. खाली जाताना काहीच त्रास झाला नाही, कारण उतरताना पुढची ओढ जोडलेलीच नव्हती. संध्याकाळी बायको यंत्रावरून उठली, तेव्हा नेहमीप्रमाणे तिचा चेहरा पिळून काढल्यासारखा झाला होता. दिवसभर ऊन पडल्यामुळे टेकडीच्या पायथ्याचे सिमेंट खडखडीत वाळले होते. ओढ जोडायची तर गाडी पूर्ण थांबवावी लागे, आणि वर, जिथे माती सुरू होई, तिथल्या उभ्या चढावर थांबणे अशक्य होते. म्हणून पंपचालकाने पायथ्याशीच थांबून ओढ जोडणारा दांडा ओढला.

पहिल्या वळणावर स्टिअरिंग जड झाले. दुसऱ्या वळणावर टायर कर्कश घासू लागले आणि गाडी उड्या मारू लागली.

"भावोजी, काहीतरी अडकतंय. थांबा."

"नवं आहे. सरावेल."

"अहो, मला फार हादरे बसतायत," बायको म्हणाली.

"दोन मिनिटं, गं. माती लागली की—"

मातीपर्यंत गाडी पोहोचलीच नाही. खालून लोखंड फाटल्याचा आवाज झाला, पायाखालची फळी हादरली, आणि काळे तेल सिमेंटवरून उताराकडे धावू लागले. पंपचालकाने ब्रेक दाबून धरला. मेव्हण्याने उडी मारून मागच्या चाकाखाली दगड लावला. बळ वाटून देणारी पेटी मधोमध फुटली होती.

उरलेली टेकडी बायको भावाच्या खांद्यावर हात टाकून चढली. चढली असे म्हणायचे; प्रत्येक वळणावर ती बसत होती. पंपचालक मागून उशी घेऊन चालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरने गाडी आवारात ओढून आणली. मेव्हण्याने चारही चाके जॅकवर उचलली, टायरांवर खडूने खुणा केल्या, आणि पेटीतून अक्षाकडे बळ नेणारा आधी मागचा, मग पुढचा शाफ्ट हाताने सावकाश फिरवला. दोन्हीकडे शाफ्टला फेरे सारखेच दिले. पण पुढच्या चाकाची खूण मागच्या चाकाच्या खुणेच्या बरीच पुढे जाऊन थांबली.

"झालं," तो खाली बसला. "आपली गाडी ओझ्याची, हा अक्ष जिचा ती प्रवाशांची. बाहेरून एकच; आतले दात वेगळे. पुढच्या चाकांना घाई आहे, भावोजी. चिखलात चाकं घसरतात, तिथे हा फरक निघून जातो. कोरड्या सिमेंटवर घसरायला वाव नाही. मग जे मध्ये असतं, ते फुटतं."

पंपचालकाने वाकून दोन्ही खुणांमधला फरक बोटांनी मोजला. मग त्याचा जुना स्वभाव, बुडत्याच्या हातासारखा, वर आला.

"म्हणजे चिखलात ती चढतेच. चढली ना काल? दुसरी पेटी आणू. फक्त मातीत जोडू. सिमेंट संपतं तिथे थांबायला जागा खोदू—"

"त्या चिखलाखाली खडक आहे. एकदा पकड लागली की पुन्हा हेच."

"मग अक्ष बदलू. दात मोजून आणू. या वेळी मी स्वतः मोजतो."

"आणा. महिने लागतील. जुने सांधे कापून भंगारात दिलेत, पेटी फुटलीय. आज ही गाडी दोन चाकांचीसुद्धा राहिलेली नाही. आणि ताईची मशीनची पाळी उद्या आहे."

"उद्या मी तिला पाठुंगळी नेईन!"

"आणि तेरवा? आणि पाऊस झोडपेल तेव्हा? पंप कोण बघणार?"

"तू गप्प बस! चूक काय झाली ते कळलंय ना आता? कळलेली चूक सुधारता येते. मी म्हणतो, कोणत्या न्यायाने—"

बायको पायरीवर बसून हे सारे ऐकत होती. रात्रभरात तिच्या पायांवर सूज चढली होती. तिने नवऱ्याला बोलू दिले. तो दमून थांबेपर्यंत थांबली. वाद घालण्याजोगे तिच्या आवाजात काहीच नव्हते.

"गाडी झाली नाही," ती म्हणाली. "मी आजपासून थोरलीकडे राहणार."