न तोललेला दगड

विमान वर चढू लागलं की अंगाचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. तेव्हा गादीवर उताणं पडून छताकडे बघायचं, मान वळवायची नाही. मी वळवली. शेजारची पेटी सुटतेय असं वाटलं म्हणून. तेव्हापासून पोटात ढवळत होतं, आणि पंधरापैकी दोनच फेऱ्या उरल्या होत्या. एका फेरीत विमान वर चढतं, मग माथ्यावरून खाली वळताना वीस-बावीस सेकंद सगळं तरंगतं.

पेटी बाबांच्या वर्गाची. बाबांनी, म्हणजे हारलन लिंडक्विस्ट यांनी, मिनेसोटातल्या आमच्या गावच्या शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. शिक्षकांसाठीच्या या भारहीन उड्डाणासाठी त्यांची निवड झाली आणि फेब्रुवारीत ते वारले. मी त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून जागा मला मिळाली.

पेटीत करवतीचं पातं होतं आणि त्याच्या टोकाला तळ्याकाठचा एक दगड. भारहीन अवस्थेत तराजू चालत नाही, पण पातं वीस सेकंदांत किती हेलकावे घेतं त्यावरून दगडाचं वस्तुमान काढता येतं. बाबांची अट एकच होती, उड्डाणाआधी दगड कुणी तोलायचा नाही. मुलांनी ती त्यांच्या माघारीही पाळली.

मी पाळली नाही. मार्चमध्ये प्रयोगशाळा रिकामी असताना तोलला. त्यांचा शेवटचा धडा माझ्या हातून बिघडू नये, एवढंच मनात होतं. हिशेबाने एकोणीस हेलकावे यायला हवे होते.

आधीच्या फेऱ्या वाया गेल्या होत्या. कधी कुणाचा पाय लागला, कधी पातं अडकलं. चौदाव्या फेरीत मात्र ते नीट झुललं. मी पेटी हवेत सोडली आणि मोजलं. एकोणीस. माझा जोडीदार रूबेन थिबोडो, लुइझियानातला रसायनशास्त्राचा शिक्षक, म्हणाला अठरा.

पाय खाली घ्यायची हाक आली, आम्ही गादीवर आपटलो. तुझं चुकलं, असं मी त्याला सांगितलं.

"सव्वीस वर्षं ब्युरेटचे थेंब मोजतोय मी," तो म्हणाला. "तुला किती हवे होते?"

पुस्तकातलं उत्तर बघून प्रयोगवही भरलेलं मूल आम्हा शिक्षकांना लांबूनही ओळखू येतं.

माझा चेहरा बघून विमानातली सेविका आली. मागच्या खुर्चीवर चला, म्हणाली. तिथे गेलेल्याला परत सोडत नाहीत. मी ठीक आहे म्हणाले असते तर तिने ऐकलंही असतं. पण पुढच्या फेरीतही मला एकोणीसच दिसणार होते.

"तू मोज," मी रूबेनला म्हणाले. "मी दगड आधीच तोललाय."

"कुणाला माहितेय?"

"कुणालाच नाही."

त्याने पेटी जवळ ओढली. "मग जा. आणि पिशवी तोंडाशी धर, माझे मोजे कालच घेतलेत."

खुर्चीवर पट्टा बांधून बसले. छातीवर वजन चढलं, मग सगळंच सुटलं. त्याने पेटी सोडली. त्याचे ओठ हलत होते. आपण मोजू नये म्हणून मी समोरच्या भिंतीवरची सूचना पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शेवटी त्याने दोन्ही पंजे उघडले, मिटले, मग आठ बोटं दाखवली.

वहीत मी अठरा लिहिलं. त्याखाली लिहू लागले: चौदाव्या फेरीतली माझी मोजणी धरू नये, कारण मी दगड आधी तोलला होता. तोवर शेवटच्या फेरीतून बाहेर पडायला विमान पुन्हा वर वळलं होतं. हात जड झाला आणि पेनचं टोक कागदात रुतलं.